परक्या बाजाराचे वाटाडे

अमेरिकी कंपनीला जपानमध्ये किंवा जपानी कंपनीला अमेरिकेत बस्तान बसवायचं, तर भांडवल आणि चांगला माल एवढ्यावर भागत नाही. तिथल्या बाजाराची नस ओळखणारा कुणीतरी लागतो, आणि त्याचं ऐकण्याची तयारीही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत अंधेरी पूर्वेला 'सेव्हन-इलेव्हन'चं भारतातलं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा आणखी एक अमेरिकी ब्रँड आला, असंच बहुतेकांना वाटलं असेल. ब्रँडचा जन्म टेक्सासमधल्या डॅलसचा, हे खरंच आहे. मालकी मात्र जपानी आहे. कुळाने जमीनदाराची जमीनच विकत घ्यावी, तसा हा व्यवहार घडला.

१९७३ साली 'इतो-योकादो' या जपानी दुकानसाखळीतले अधिकारी तोशिफुमी सुझुकी यांनी डॅलसच्या 'साउथलँड' कंपनीकडून सेव्हन-इलेव्हनचा परवाना मिळवला. त्याच सुमारास जपानमध्ये मोठ्या दुकानांना आवर घालणारा कायदा येत होता. सुपरमार्केट आपल्याला गिळतील, अशी छोट्या दुकानदारांना धास्ती होती. सुझुकींनी या दुकानदारांनाच हाताशी धरलं. मे १९७४ मध्ये तोक्योच्या तोयोसू भागात सुरू झालेली पहिली शाखा म्हणजे आधीचं दारूचं दुकान होतं. अमेरिकेतून आलेल्या जाडजूड नियमपुस्तिका जपानी दुकानात फारशा कामाच्या नव्हत्या. फ्रँचायझीचा आराखडा सुझुकींनी ठेवला, बाकीचं आपल्या पद्धतीने बसवलं. फळीवर ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे आले; माल थोडा थोडा, पण पुन्हापुन्हा येऊ लागला; कोणती वस्तू कधी खपते याची वस्तुगणिक नोंद होऊ लागली. पुढे साउथलँड कर्जात बुडाली आणि १९९१ मध्ये जपानी परवानाधारकांनी तिचे बहुसंख्य समभाग घेतले. २००५ मध्ये ती पूर्णपणे त्यांच्या ताब्यात गेली. जपानमध्ये घडलेली कामाची रीत मग अमेरिकी दुकानांना शिकवली जाऊ लागली.

भागीदार की दारवान?

युद्धानंतरची काही दशकं जपानमध्ये परकी भांडवलावर कडक निर्बंध होते. त्यामुळे जपानी भागीदार घेणं ही अनेक अमेरिकी कंपन्यांची गरजच होती. वितरकांच्या साखळ्या, बँका आणि मंत्रालयातले अधिकारी यांच्यापर्यंतची वाट त्यालाच ठाऊक असे. पण चांगला भागीदार नुसतं दार उघडून थांबत नाही, वेळप्रसंगी तो वादही घालतो. मॅकडोनाल्ड्सचे जपानी भागीदार डेन फुजिता यांचं उदाहरण घ्या. विद्यार्थिदशेत अमेरिकी लष्करी प्रशासनाकडे दुभाष्याचं काम केलेला हा माणूस पुढे परदेशी हँडबॅगा आयात करत होता. अमेरिकेतल्या सवयीप्रमाणे पहिलं दुकान उपनगरात काढावं, असा कंपनीचा विचार होता. फुजितांनी तोक्योच्या झगमगत्या गिन्झाचा आग्रह धरला. तिथे चाललेली गोष्ट देशभर चालते, हा त्यांचा हिशेब होता. मित्सुकोशी या मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर जागा मिळाली, पण मित्सुकोशीचा व्यवहार विस्कळीत होता कामा नये, ही अट होती. रविवारी संध्याकाळी काम सुरू करून ३९ तासांत सगळं उभं केलं गेलं. २० जुलै १९७१ च्या मंगळवारी दुकान उघडलं. वीस वर्षांनी खेळण्यांची अमेरिकी दुकानसाखळी 'टॉइज आर अस' जपानमध्ये शिरली, तेव्हा तिनेही फुजितांच्याच कंपनीला भागीदार केलं.

सोयाबीनचा उलटा प्रवास

जपानकडून अमेरिकेकडे जातानाही हीच गोष्ट दिसते. सोया सॉस बनवणाऱ्या 'किक्कोमान'ने १९५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कंपनी काढली. जपानी खाणं शिकवण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी दुकानादुकानांत मांस सॉसमध्ये मुरवून, भाजून गिऱ्हाइकांना चाखायला दिलं. सॉस अमेरिकी जेवणात बसला. पण सोयाबीन आणि गहू अमेरिकेतून जपानला न्यायचा आणि सॉस परत आणायचा, हा द्राविडी प्राणायाम महाग पडत होता. कोलंबिया विद्यापीठात व्यवस्थापन शिकलेल्या युझाबुरो मोगी यांनी अमेरिकेतच कारखाना काढण्याचा आग्रह धरला. विस्कॉन्सिनमधल्या वॉलवर्थ या शेतीच्या गावी सुपीक जमीन कारखान्याला जाणार म्हणून विरोध झाला. कंपनीने गावकऱ्यांच्या बैठकांना जाऊन आपली बाजू मांडली, माणसं आणि कंत्राटदार स्थानिकच घेतले. जपानी कर्मचाऱ्यांनी एकत्र वसाहत न करता गावात मिसळून राहावं, हेही ठरवून केलं. १९७३ मध्ये सुरू झालेला तो कारखाना आजही चालू आहे.

वाटाड्या कधी पैशाच्या रूपातही भेटतो. 'नायके'चे संस्थापक फिल नाइट यांनी सुरुवात केली ती जपानी 'ओनित्सुका'चे बूट अमेरिकेत विकून. पुढे त्यांच्या वाढीच्या वेगाला स्थानिक बँका बिचकू लागल्या, तेव्हा उधारीचा आधार दिला तो 'निशो इवाई' या जपानी व्यापारी कंपनीने. सरकारी पातळीवर 'जेट्रो' ही जपानी संस्था आहे. निर्यात वाढवण्यासाठी जन्मलेली ही संस्था आज परकी कंपन्यांना जपानमध्ये पाय रोवायलाही मदत करते.

सही कुणाची?

प्रत्यक्षात हे मदतनीस काय करतात? कायदे, परवाने, कर हा कामाचा सोपा भाग. खरी अडचण निर्णयाच्या रीतीत असते. जपानी कंपनीत प्रस्ताव आधी खात्याखात्यांतून फिरतो. बैठकीत येतो तोवर तो जवळपास ठरलेला असतो. त्याच बैठकीत करार पदरात पडेल या आशेने आलेला अमेरिकी हिरमुसतो. बैठकीआधी कुणाकुणाला भेटायचं, हे सल्लागार सांगतो. उलट, अमेरिकेतला जपानी व्यवस्थापक प्रत्येक सवलतीसाठी तोक्योकडे विचारणा करत बसला, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

दूरवरच्या मुख्यालयाचा हट्ट किती महाग पडतो, हे ऑनलाइन लिलाव चालवणाऱ्या अमेरिकी 'ईबे'ने दाखवलं. २००० मध्ये ती जपानमध्ये आली, तेव्हा 'याहू'चा लिलाव तिथे आधीच फुकट चालू होता. ईबेने शुल्काची रीत कायम ठेवली आणि २००२ मध्ये गाशा गुंडाळला.

आता वाटाड्याचं काम आणखी अवघड झालं आहे. 'निप्पॉन स्टील'ने डिसेंबर २०२३ मध्ये 'यूएस स्टील' सुमारे १४.९ अब्ज डॉलरना घेण्याचं जाहीर केलं. भागधारक राजी होते, पण कामगार संघटनेने विरोध केला, निवडणुकीत विषय तापला आणि जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी सौदा रोखला. जूनमध्ये तो पूर्ण झाला, पण मुख्यालय पिट्सबर्गमध्येच ठेवण्याची हमी आणि काही निर्णयांवर अमेरिकी सरकारला नकाराधिकार देऊन.

म्हणूनच परक्या बाजारात उतरणाऱ्या कंपनीने सल्लागार नेमण्याआधी एक प्रश्न स्वतःलाच विचारायला हवा: तिथल्या आपल्या माणसाने नियमपुस्तक बाजूला ठेवायचं ठरवलं, तर त्याच्या सहीला आपण मान देणार का? उत्तर 'नाही' असेल, तर उत्तमातला उत्तम वाटाड्याही फारसं काही करू शकत नाही.