विश्लेषण : उंच मुली पोक काढून का चालतात? उंची कमी करण्याच्या उपचारांचे पुढे काय झाले?

'वर हवा कशी आहे?' हा प्रश्न उंच मुलीने दहावीपर्यंत इतक्यांदा ऐकलेला असतो, की विचारणाऱ्याने तोंड उघडताच तिला तो कळतो. वर्गात शेवटचा बाक, फोटोत मागची रांग, स्नेहसंमेलनात अफझलखान ठरलेला. घरी काळजी वेगळीच : 'हिच्या जोडीचा मुलगा आणायचा कुठून?' मग खांदे पुढे येतात, मान खाली जाते, चपला सपाट होतात. उंची काही कमी होत नाही. पाठ आणि मान मात्र दुखू लागते.

उंच म्हणजे नेमके किती?

भारतातील प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे 152 सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट आहे. त्यामुळे साडेपाच फुटांची मुलगी इथे चटकन नजरेत भरते. हीच मुलगी लॅटव्हियात गेली तर तिथल्या सरासरीपेक्षा किंचित ठेंगणी ठरेल, कारण तिथल्या स्त्रियांची सरासरी 170 सेंटीमीटरच्या आसपास आहे. शंभर वर्षांतील उंचीचा जगभरचा आढावा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची या काळात तब्बल 20 सेंटीमीटरने वाढली, भारतीय स्त्रियांची साधारण पाचने. म्हणजे 'फारच उंच' हे आजूबाजूच्या गर्दीवर ठरते. गंमत अशी, की महाराष्ट्रात पोलीस भरतीसाठी महिलांना किमान 155 सेंटीमीटर उंची लागते. तिथे एकेका सेंटीमीटरसाठी जीव टांगणीला लागतो, तर लग्नाच्या बाजारात तीच उंची लपवावी लागते.

सहावी-सातवीत मुली मुलांपेक्षा उंच का दिसतात?

मुलींची झपाट्याने वाढ होण्याचा काळ मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी येतो. साहजिकच अकरा-बारा वर्षांच्या अनेक मुली वर्गातल्या मुलांच्या डोक्यावरून पाहतात. पाळी सुरू झाल्यावर वाढ मंदावते. त्यानंतर साधारण पाच ते सात सेंटीमीटरच उंची वाढते. बाराव्या वर्षी 'उंट' ठरलेली मुलगी अठराव्या वर्षी चारचौघींसारखी असू शकते, पण नाव चिकटलेले राहते.

अंदाजासाठी डॉक्टर एक सोपे गणित वापरतात. आई आणि वडील यांच्या उंचीची सेंटीमीटरमध्ये बेरीज करायची, त्यातून 13 वजा करायचे आणि दोनने भागायचे. वडील 178, आई 165 असेल तर उत्तर येते 165. यात आठ-साडेआठ सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकते, म्हणजे या घरात 172 सेंटीमीटरची मुलगी हे नवल नाही. मात्र आठ वर्षांच्या आतच वयात येण्याची लक्षणे दिसून उंची भराभर वाढू लागली, किंवा हातापायांची बोटे फार लांबसडक असून डोळ्यांचा वा हृदयाचा त्रास असला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवे. एरवी उंची हा आजार नाही.

उंची रोखण्याचे औषध होते?

होते, आणि ते निरोगी मुलींना दिले गेले. हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे तो मिटतो आणि उंची थांबते. याचा आधार घेऊन 1950 च्या दशकापासून अमेरिकेत, पुढे ऑस्ट्रेलियात आणि युरोपात उंच मुलींना या संप्रेरकाचे मोठे डोस देण्यात आले. कारण वैद्यकीय नव्हते. मुलगी फार उंच झाली तर लग्न जुळणार नाही, कपडे मिळणार नाहीत, ती एकटी पडेल, ही आईवडिलांची धास्ती होती. अनेकदा उंचीमुळे स्वतः सोसलेली आईच मुलीला दवाखान्यात नेत असे.

ऑस्ट्रेलियात 1959 ते 1993 या काळात उंचीसाठी डॉक्टरांकडे नेलेल्या मुलींचा संशोधकांनी पुढे माग काढला. काहींनी उपचार घेतले होते, काहींनी नुसतीच तपासणी करून घेतली होती. 'लॅन्सेट'मध्ये 2004 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, उपचार घेतलेल्या स्त्रियांना गर्भधारणेत अडचणी येण्याचे प्रमाण जास्त होते. लग्न व्हावे म्हणून दिलेल्या औषधाने मूल होणे अवघड केले होते.

पुढच्याच वर्षी याच स्त्रियांच्या समाधानाविषयीचा अभ्यास आला. उपचार न घेतलेल्या जवळपास सगळ्याजणींना आपण ते घेतले नाहीत याचा आनंद होता. उपचार घेतलेल्यांपैकी 42 टक्के जणींना तो निर्णय पटलेला नव्हता. आणि अखेर उंची किती भरली, याचा या समाधानाशी स्पष्ट संबंध आढळला नाही. ज्या उंचीने आयुष्य बिघडेल असे वाटले होते, ती तशीच राहूनही त्या बायका सुखात होत्या.

मग अडते कुठे?

लग्नात, हे उघड आहे. अमेरिकेत 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 720 जोडप्यांपैकी फक्त एका जोडप्यात पत्नी पतीपेक्षा उंच होती. निव्वळ योगायोगाने जोड्या जुळल्या असत्या तरी शंभरात दोन तरी निघाल्या असत्या. राजघराणेही यातून सुटले नाही. चार्ल्स आणि डायना यांच्या उंचीत फारसा फरक नव्हता, पण 1981 च्या लग्नाच्या टपाल तिकिटावर तो तिच्यापेक्षा चांगलाच उंच दिसतो. आपल्याकडे 'मुलगा चार बोटे उंच हवा' ही अट पत्रिकेच्याही आधी लागते. ती अट घालणाऱ्यांत उंच मुलीही असतात, हेही खरे.

दुसरा जाच कौतुकाचा. 'बास्केटबॉल खेळतेस का?', 'मॉडेलिंग का नाही करत?' हेतू चांगलाच असतो. पण उंचीचा काहीतरी उपयोग दाखवल्याशिवाय ती माफ नाही, असा त्याचा अर्थ मुलीपर्यंत पोहोचतो. बुटक्या मुलीला कुणी तिच्या उंचीचा उपयोग विचारत नाही.

बदलता काय येते?

बऱ्याच गोष्टी. साडीचा पन्हा साधारण 44 ते 47 इंच असतो. पावणेसहा फुटांच्या बाईला टाचेच्या चपला घालून तो नीट खोचायला पुरत नाही. खोचायच्या काठाला साध्या कापडाची पट्टी जोडून घेतली तर ती परकरात जाते, दिसत नाही. तयार कुर्त्याच्या बाह्या आखूड पडतात, तिथे शिंप्याकडून शिवून घेणे बरे. पोक सवयीने आलेला असेल तर पाठीच्या आणि खांद्यांच्या व्यायामाने बराच सुधारतो. त्यासाठी फिजिओथेरपिस्टची मदत घेता येते.

सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. तो सरासरी उंचीच्या बाईच्या मापाने, 32 ते 34 इंचांवर बांधलेला असतो. उंच बाई त्यावर रोज वाकून कणीक मळते आणि कंबरदुखीचा दोष वयाला देते. उभे राहून कोपर दुमडले, की कोपराखाली चार ते सहा इंचांवर ओटा असावा. घराचे काम काढताना गवंड्याला हे माप आधीच द्यावे. भाड्याच्या घरात ओटा बदलता येत नाही. तिथे भाजी चिरायच्या फळीखाली जाड लाकडी पाट ठेवला तरी दोन-तीन इंच मिळतात.