हिब्रू व ग्रीक धर्मग्रंथांतील ‘उडी’वाचक शब्द

जुन्या ग्रंथाचा इतिहासाचें साधन म्हणून उपयोग करतांना भाषांतरावर कितपत विसंबावें, हा प्रश्न संशोधकापुढें नेहमींच येतो. बखरीच्या नकलेंत एखाद्या जुन्या शब्दाच्या जागीं नवा शब्द आला, तर त्यावरून नकलेच्या काळाचा कांहीं सुगावा लागतो, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. हाच न्याय यहुदी व ख्रिस्ती धर्मग्रंथांस कसा लागू पडतो हें पाहण्यासाठीं ‘उडी मारणें’, ‘बागडणें’ या अर्थाच्या थोड्या शब्दांचा विचार आम्ही येथें करणार आहों.

हिब्रू भाषेंत या क्रियेस एकच शब्द नाहीं. ‘र-क-द’ या धातूचा अर्थ आनंदानें किंवा भयानें थयथय उड्या मारणें, नाचणें. ११४ व्या स्तोत्रांत पर्वतांस एडक्यांची उपमा देऊन हाच धातु योजिला आहे. ‘द-ल-ग’ हा धातु निराळा. तो समग्र हिब्रू ग्रंथांत पांचच स्थळीं येतो, आणि त्यांपैकीं चार ठिकाणीं तट, उंबरठा किंवा डोंगर असें कांहींतरी ओलांडावयाचें असतें. पांचवें स्थळ यशयाच्या ३५ व्या अध्यायांतील. तेथें लंगड्याच्या उडीस हरिणाच्या उडीची उपमा आहे. भाषांतरांत या दोन्ही धातूंस एकच शब्द आला कीं हा भेद नाहींसा होतो.

आतां एकाच प्रसंगाचीं दोन वर्णनें पाहूं. कराराचा कोश यरुशलेमांत आणतांना दावीद राजा नाचला व शौलाची कन्या मीखल हिनें तें खिडकींतून पाहिलें, ही कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत (६.१६) आहे. तेथील ‘पिज्जेझ’ व ‘किर्केर’ हीं क्रियापदें अत्यंत विरळ असून दुसरें तर या प्रसंगाबाहेर कोठेंहि आढळत नाहीं. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकांत (१५.२९) हाच प्रसंग येतो, तेव्हां त्यांच्या जागीं ‘नाचणें’ व ‘खेळणें’ या अर्थाचे नेहमींचे धातु दिसतात. शिवाय मीखल व दावीद यांच्यांतील कडू संवाद तेथें गाळलेला आहे. जुने शब्द दुर्बोध झाले होते, किंवा राजाचें गिरक्या घेणें उत्तरकालीन लेखकास रुचलें नाहीं. दोन्ही कारणें संभवतात. परंतु कोणतेंहि घेतलें तरी विरळ शब्दाचा सोपा शब्द होणें हेंच स्वाभाविक. म्हणून शमुवेलांतील पाठ आधींचा व इतिहासांतील मागाहूनचा, हें केवळ शब्दांवरूनहि दिसून येतें.

ग्रीक शब्दांची साक्ष याहून महत्त्वाची आहे. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांसाठीं मोशेच्या पांच पुस्तकांचें ग्रीक भाषांतर झालें. रिबकेच्या पोटांत जुळीं मुलें होतीं, त्या स्थळीं (उत्पत्ति २५.२२) मूळ हिब्रू धातूचा अर्थ चिरडणें, एकमेकांस रेटणें असा आहे. भाषांतरकारांनीं मात्र तेथें ‘स्किर्ताओ’ हें क्रियापद घातलें. तें वासरांच्या व कोंकरांच्या बागडण्यास लावितात. पुढें लूकाच्या शुभवर्तमानांत (१.४१, ४४) मरीयेचें अभिवादन ऐकतांच अलीशिबेच्या उदरांतील बाळानें उडी मारली असें सांगतांना नेमका हाच शब्द आला आहे. नव्या करारांत तो लूकाखेरीज कोणींहि वापरलेला नाहीं. हिब्रू पाठ तेवढा वाचणारास या दोन कथांतील धागा दिसणार नाहीं. ग्रीक वाचणारास तो तत्काळ दिसतो.

दुसरें उदाहरण असेंच आहे. यशयांतील लंगड्याच्या उडीस ग्रीक भाषांतरांत ‘हाल्लोमाइ’ हें क्रियापद आहे. लूकाच्याच हातची मानलेली ‘प्रेषितांचीं कृत्यें’ यांत (३.८) मंदिराच्या दारांतील लंगडा बरा होऊन उठतो, तेव्हां एकाच वचनांत तें दोनदां येतें, एकदां उपसर्गासह व एकदां उपसर्गावांचून. यशयानें वर्णिलेली आशा फळास आली, असें लेखकास सुचवावयाचें आहे. यावरून त्याच्यासमोर ग्रीक धर्मग्रंथ होता, हें आम्ही सिद्ध समजतों.

तथापि प्रत्येक शब्दावर असा भार टाकतां येत नाहीं. निर्गमाच्या १२ व्या अध्यायांतील सणाचें नांव ‘पेसह’. त्याचा धातु ‘प-स-ह’ हा उडी मारून ओलांडणें या अर्थीं घेण्याची रूढि आहे, व मराठींतील ‘वल्हांडण’ हा शब्द तिलाच अनुसरतो. परंतु त्याच अक्षरांचा ‘पिस्सेअह’ म्हणजे लंगडा. एलीयाच्या कथेंत (१ राजे १८) दोन मतांत लंगडणारे लोक व वेदीभोंवतीं उड्या मारणारे बआलाचे संदेष्टे या दोघांसहि तोच धातु लाविला आहे. आणि यशया ३१.५ येथें तो रक्षणवाचक शब्दांच्या पंक्तींत बसतो. ग्रीक भाषांतरकारांनीं तर निर्गमाच्या त्या एकाच अध्यायांत कोठें ‘आच्छादून रक्षणें’ (१२.१३, २७) व कोठें ‘बाजूनें निघून जाणें’ (१२.२३) असे दोन अर्थ केले. इसवी सनापूर्वींच जेथें एकमत नव्हतें, तेथें नांवावरून प्राचीन नृत्याची कल्पना करून त्यावर सणाचा उगम उभारणें, जसें कांहीं पंडितांनीं केलें आहे, तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

या विचाराचा आमच्या प्रांताशींहि संबंध आहे. कोंकणांतील बेने इस्राएल समाजासाठीं या सणाची पोथी, ‘हग्गादा’, हिब्रू मूळ व मराठी भाषांतर यांसह १८७४ सालीं पुण्यास छापली गेली. हग्गादेंत ११४ वें स्तोत्र येतें. म्हणजे वर सांगितलेले ‘र-क-द’ व ‘प-स-ह’ हे दोन्ही धातु तेथें मराठी शब्दांशेजारीं सांपडतात. त्या भाषांतरकारांनीं कोणते शब्द निवडले व कां निवडले, याची छाननी व्हावयास हवी. तें काम मराठीच्या अभ्यासकानेंच करावयाचें आहे.