दुकानात रेंज नाही? आधी मोजा, मग अँटेना घ्या

एके काळी गल्ल्याशेजारी टेलिफोन असला की व्यापाऱ्याचे काम भागत असे. आज तेवढ्याने भागत नाही. गिऱ्हाईक मोबाईलवरून पैसे देते, मालाचे फोटो व्हॉट्सॲपवर मागते. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवायचा, तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते आणि तेही सहसा इंटरनेटवर काढावे लागते. अशा वेळी पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले, तर भरलेली गाडी दारात उभी राहते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची वाट धरते.

जिथे फायबरची तार पोहोचली आहे तिथे प्रश्न नाही. परंतु कोकणातील डोंगरकुशीतल्या वाड्यांत किंवा पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या लूमच्या गाळ्यांत अनेकांना सिमकार्डावरच्या इंटरनेटवरच विसंबावे लागते. रेंज नाही म्हणून आपले बांधव आधी डोंगल घेतात, मग महागडा राउटर, आणि शेवटी कुणीतरी सांगितले म्हणून अँटेना. पैसे जातात, रेंज तेवढीच राहते. कारण खरेदीचा क्रमच उलटा असतो.

पहिले काम मोजमापाचे

मोबाईलवरच्या दांड्यांवर विसंबू नका. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘अबाउट फोन’ व त्यातील ‘सिम स्टेटस’ येथे रेंजचा आकडा डीबीएममध्ये मिळतो. तो उणे असतो. फोर-जीसाठी ढोबळमानाने उणे ९० च्या अलीकडे रेंज चांगली, उणे १०० च्या आसपास कामचलाऊ आणि उणे ११० च्या पलीकडे कमजोर समजावी. ३ डेसिबलची वाढ म्हणजे शक्ती दुप्पट आणि १० ची वाढ म्हणजे दहापट, एवढे ध्यानात ठेवावे.

हा आकडा गल्ल्यावर, पडवीत आणि गच्चीवर, सकाळी व रात्री, प्रत्येक कंपनीच्या सिमवर वहीत टिपून घ्या. पडवीत आकडा १५ ने सुधारला, तर दोष टॉवरचा नसून भिंतींचा व पत्र्याचा आहे. अशा वेळी राउटर खिडकीत ठेवूनच काम होऊ शकते. आकडा चांगला असूनही रात्रीच वेग पडत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. तिथे अँटेना फारसा उपयोगी पडत नाही, दुसऱ्या कंपनीचे सिम पाहावे.

संच कोणता घ्यावा?

डोंगल किंवा खिशातला हॉटस्पॉट फिरतीच्या माणसाला ठीक. दुकान-कारखान्यासाठी सिम बसणारा आणि बाहेरच्या अँटेनासाठी दोन जोड असलेला राउटर घ्यावा. विकत घेण्यापूर्वी त्यावरील बँड पाहावेत. आपल्याकडे फोर-जीसाठी कंपनीनुसार ३, ५, ८, ४० असे बँड वापरात आहेत. ५ व ८ हे खालच्या फ्रीक्वेन्सीचे बँड भिंतीतून अधिक आत येतात व दूरवर पोहोचतात. ४० वर वेग मिळू शकतो, पण पल्ला कमी. आखातातून भाऊ राउटर घेऊन येतो, तेव्हा ही तपासणी विशेष गरजेची. त्यात आपला बँड नसेल किंवा तो तिथल्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असेल, तर ती पेटी निव्वळ शोभेची ठरते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सुरू झाले. पण गावात त्याचा सिग्नल नसेल, तर त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

अँटेना आणि तार

टॉवर एकाच दिशेला व दूर असेल, तर दिशादर्शक अँटेना घ्यावा. त्यातही लॉग पिरियॉडिक प्रकार अनेक बँडवर चालतो, तर यागी ठरावीक बँडपुरता असतो. फोर-जी दोन प्रवाहांत चालते, म्हणून अँटेनेही दोन लागतात. एक ४५ अंश डावीकडे, दुसरा ४५ अंश उजवीकडे कललेला. टॉवर जवळ पण दिशा अनेक असतील, तर गोलाकार ग्रहण करणारा अँटेना चालतो.

बहुतेकांचे पैसे बुडतात ते तारेत. बारीक आरजी-५८ तार १० मीटरमध्ये सुमारे ७ ते ८ डेसिबल खाऊन टाकते. म्हणजे अँटेनाने जे कमावले ते तारेने गमावले! जाड एलएमआर-४०० तारेत तेवढ्याच लांबीत सुमारे २ डेसिबलच जातात. टीव्हीची तार ७५ ओहमची, इथे ५० ओहमची लागते. त्याहून उत्तम उपाय म्हणजे उघड्यावर बसणारा राउटर अँटेनाजवळच लावून खाली नेटवर्कची तार आणणे. ती १०० मीटरपर्यंत चालते.

बूस्टरपासून सावध

‘बूस्टर लावा, घरभर रेंज’ अशा जाहिरातींना भुलू नका. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज इतरांनी मोबाईल बूस्टर बाळगणे, विकणे वा वापरणे बेकायदेशीर आहे, असे दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय एका बूस्टरमुळे साऱ्या मोहल्ल्याची रेंज बिघडू शकते.

कोकणात पावसाचाही विचार हवा. उन्हाळ्यात मोजलेला आकडा झाडे ओलीचिंब झाल्यावर खाली येतो, म्हणून थोडी जादा रेंज हाताशी ठेवावी. तारेच्या जोडावर पाणी न शिरणारी रबरी टेप गुंडाळावी, अँटेनाच्या खांबाला अर्थिंग करावे, आणि विजा कडाडू लागल्यावर गच्चीवर चढू नये. वीज गेली तरी राउटर चालावा म्हणून छोटा यूपीएस जोडावा.

तात्पर्य, खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी मोजमाप, मग जागा, मग सिम, मग राउटर आणि सर्वांत शेवटी अँटेना. यातल्या पहिल्या दोन पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही, आणि पुष्कळांचे काम तिथेच होते. कापड घेताना आपण मीटर लावून घेतो. रेंजच्या बाबतीतही तेच करावे.