कागदावरची साठ करडं

शेळीपालनाच्या प्रशिक्षणाला बसलेल्या प्रत्येकाला हा हिशोब पाठ असतो. शेळी गाभण राहिल्यापासून साधारण 150 दिवसांत विते. करडं तीन महिने अंगावर प्याली की ती पुन्हा फळते. म्हणजे आठ महिन्याला एक वेत, दोन वर्षांत तीन. उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळं देते. तेव्हा दहा शेळ्या आणि एक बोकड घेतला की दोन वर्षांत साठ करडं.

माण तालुक्यातल्या आमच्या घरी हा हिशोब मी वहीत मांडून आत्याला वाचून दाखवला, तेव्हा ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "जल्मतील बी साठ. जगली किती, ते लिही."

आमच्याकडे शेळ्या दहाही नाहीत. घरामागच्या छपरात सहा शेळ्या आणि चार दख्खनी मेंढ्या. पण आत्याचं ते वाक्य सहालाही तेवढंच लागू आहे आणि साठालाही. साठातली जी कमी होतात ती कुठे जातात, हे कळलं तरच शेळीपालन कळलं, असं मला आता वाटतं.

पहिली गळती जन्मल्याच्या दिवशीच होते. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच थोडी रोगप्रतिकारशक्ती मिळते. शेळी-मेंढीच्या पिल्लाला ती मिळत नाही. ते अगदी कोरं जन्मतं. त्याला जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही वेळेत. चिकातली प्रतिद्रव्यं जशीच्या तशी शोषून घ्यायची पिल्लाच्या आतड्याची ताकद तासातासाला कमी होते आणि दिवसभरात जवळजवळ संपते. म्हणून जार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही जुनी समजूत करडाच्या जिवावर उठते. उलट पिल्लू सडाला लागलं की जार पडायला मदतच होते.

गेल्या जानेवारीत आमची काळी शेळी पहाटे व्याली. पहिलं करडू उभं राहून ढुशा द्यायला लागलं. दुसरं मात्र ओल्या फडक्यासारखं पडून होतं. मी त्याला थेट सडाला लावायला गेलो, तर आत्यानं हात धरला. आपलं बोट त्याच्या तोंडात घातलं आणि म्हणाली, "तोंड गार आहे. आधी ऊब." तोंड गार म्हणजे अंगातली ऊब गेलेली. अशा पिल्लाला चोखता येत नाही आणि जबरदस्तीनं पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं. चुलीजवळ गोणपाटावर घेऊन ते चोळून कोरडं केलं. मी नाळेला आयोडीन लावलं. तोंडात ऊब आली तेव्हा आत्यानं सडाच्या टोकाशी साचलेली खळ दोन धारा काढून मोकळी केली आणि सड त्याच्या जिभेवर धरला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एकाएकी शेपूट हलायला लागलं. शेपूट हललं की दूध पोटात जातंय, हे समजायला यंत्र लागत नाही.

जुळ्यांची हौस सगळ्यांनाच असते. मेंढीत ती पुरी व्हावी म्हणून आपल्या जवळच, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं मोठं काम केलं आहे. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गारोल मेंढी अंगानं अगदी लहान, पण दोन-दोन, तीन-तीन कोकरं देते, आणि ते एका जनुकामुळे. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालच्या मेंढ्या जहाजातून ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. तिथल्या बूरूला मेरिनो या बहुप्रसव मेंढीत हेच जनुक सापडलं आहे. फलटणच्या संस्थेनं गारोलमधून ते दख्खनीत आणलं आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. मला या कामाबद्दल फार आदर आहे. पण जनुक कोकरू देतं, दूध देत नाही. आमच्यासारख्या दुष्काळी भागात मेंढीला गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात खुराक मिळाला नाही, तर दुसरं कोकरू अशक्त जन्मतं. पोटातलं पिल्लू सगळ्यात जास्त वाढतं ते याच काळात, आणि नेमका तेव्हाच घरातला कडबा संपत आलेला असतो.

दुसरी गळती पावसाळ्यात. वळवाचा पाऊस झाला, माळ हिरवा झाला की आपण खूश होतो. आत्या नाही होत. कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की आतड्यातले जिवाणू एकदम वाढतात आणि त्यांचं विष रक्तात भिनतं. हाच आंत्रविषार. तो रोडक्या जनावराला सहसा होत नाही, कळपातलं सगळ्यात तरतरीत, भरपेट खाणारं करडू नेतो. संध्याकाळी उड्या मारणारं सकाळी पाय ताणून पडलेलं दिसतं आणि लोक म्हणतात, नजर लागली. लस मे महिन्यातच टोचायला हवी. पहिल्यांदा देताना पंधरा दिवसांनी दुसरा डोस हवाच. एकच डोस देऊन निर्धास्त झालेली माणसं मी बघितली आहेत.

मग जंत. पोटात रक्त पिणारा एक बारीक जंत असतो, त्याची एक मादी रोज हजारो अंडी घालते. ती लेंडीतून माळावर पडतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या दहिवराच्या ओलाव्यानं गवताच्या पात्यावर चढतात. ऊन चढल्याशिवाय जनावरं सोडायची नाहीत, या धनगरांच्या रीतीमागचं एक कारण हेही. शेळीचा खरा ओढा झुडपाकडे. बोर, बाभूळ, शेवरी यांचे शेंडे ती मान वर करून खाते, म्हणून माळावर तिला जंत कमी लागतात. मेंढी जमिनीलगतचं गवत खाते आणि अळ्याही खाते. त्याच शेळीला दाव्याला बांधून खालचं गवत खायला लावलं, तर मात्र ती मेंढीपेक्षाही लवकर खंगते.

औषध सगळ्यांना सरसकट पाजत राहिलं की जंत त्याला सरावतात. म्हणून आम्ही पावसाळ्यात दर पंधरवड्याला खालची पापणी उलटून बघतो. आतून लालभडक असेल तर ठीक. फिकी गुलाबी किंवा पांढरी दिसली तर रक्त कमी झालं आहे, औषध त्याच जनावराला. ही तपासणी दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी रंगांच्या तक्त्यावर बसवली गेली. आता गावोगावच्या पशुसखी ती करतात. सहा शेळ्यांना दहा मिनिटं लागतात.

तिसरी गळती आपल्या हातची, आणि ती लिहिताना मला अजून त्रास होतो. सुगीत ज्वारीची पोती ओसरीवर होती. एक फाटकं होतं, ते माझ्याकडून शिवायचं राहिलं. दुपारी चितकबरी पाट दावं सोडवून आली आणि पोटभर जोंधळा खाऊन गेली. संध्याकाळी तिनं रवंथ केला नाही. रात्री ती दात खात होती, डावी कूस तट्ट. एकदम इतकं धान्य गेलं की पोटात चारा पचवणारे जिवाणू मरतात, आम्ल साठतं आणि ते सगळ्या अंगात भिनतं. खायचा सोडा पाण्यातून पाजला, पण फार उशिरा. उजाडायच्या आत ती गेली. गावातल्या लग्नानंतर उरलेला भात, पोळ्या शेळ्यांपुढे प्रेमानं टाकतात, तेव्हा मला तीच रात्र आठवते.

मेंढीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. म्हशीसाठी आणलेलं क्षारमिश्रण तिला घालू नये. त्यातलं तांबं शेळीला सोसतं, मेंढीच्या यकृतात मात्र साठत जातं आणि महिन्यांनी एक दिवस जीव घेतं.

या सगळ्यावर इलाज म्हणून आत्या जे करते, त्याला योजनेच्या कागदात रकाना नाही. सकाळी झाडू घेऊन ती छपरात जाते, पण झाडायच्या आधी उभी राहते. कोण उठलं नाही, कुणाच्या लेंड्या सुट्या नाहीत, गव्हाणीत कुणाचा पाला शिल्लक आहे, कोण कोपऱ्यात तोंड करून उभं आहे. शेळी दुखणं लपवते. अंग टाकते तेव्हा उशीर झालेला असतो. बाजाराला बोकड मी घेऊन जातो, पैसे माझ्या हातात येतात. पण तो बोकड तीन दिवसांचा असताना त्याची हगवण आधी कुणाला दिसली होती, ते मला माहीत आहे. आता वहीत मी दोन रकाने करतो, जन्मली आणि जगली, आणि दुसरा रकाना तिला विचारून भरतो.

आज काळीची कास ताठून चकाकतेय, शेपटीच्या मुळाशी खड्डे पडलेत, ती पायानं जमीन उकरतेय. गोणपाट चुलीजवळ ठेवलंय, आयोडीनची बाटली कोनाड्यात. आत्यानं दोनदा जाऊन बघितलं आणि येऊन मला म्हणाली, "तू आडवा हो तासभर. मी हाक मारते."