संगणक मराठी कसा शिकतो?

संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षरे दिसतात, म्हणून त्याला मराठी समजते असे आपल्याला वाटते. परंतु ‘घरात’ हा शब्द ‘घर’ या शब्दापासून झाला, हे त्याला शिकवावे लागते. या विद्येला भाषा तंत्रज्ञान म्हणतात.

मुंबईत पवई येथील आय. आय. टी. मध्ये २००० साली या कामासाठी एक केंद्र सुरू झाले. तेथे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदीचे व मराठीचे ‘शब्दजाल’ तयार झाले. शब्दकोशात शब्द अक्षरांच्या क्रमाने येतात. शब्दजालात ते अर्थाने जोडलेले असतात. पाणी, जल, नीर, उदक हे सारे एका गटात. पुढे इतर भारतीय भाषांची शब्दजालेही झाली. त्यांत उर्दूही आहे.

महाविद्यालयात हा विषय शिकवताना एक सोपा नियम घेता येतो. शब्दाच्या शेवटी ‘आत’ ऐकू आले, तर ते काढून टाका. ‘गावात’चे ‘गाव’ झाले, ‘हातात’चे ‘हात’ झाले. विद्यार्थी खूश! मग ‘वरात’ येते. वरात नाहीशी होते आणि वर तेवढा उरतो. ‘हयात’चा तर ‘हय’ म्हणजे घोडा होतो! ‘शाळेत’मधील ‘त’ काढला तर ‘शाळे’ उरते, ‘शाळा’ मिळत नाही. तेथे सामान्यरूपाचा नियम सांगावा लागतो. तुम्ही ज्या सामान्यरूपाला कंटाळता, तेच येथे कामी येते.

उर्दूत ‘घर में’ हे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून ही अडचण येत नाही. तेथे अडचण दुसरी आहे. जेर, पेश लिहिले नाहीत तर ‘इस’ आणि ‘उस’ सारखेच दिसतात. आपण संदर्भाने ओळखतो. यंत्राला मात्र हजारो वाक्ये द्यावी लागतात.

हल्लीची यंत्रे पुष्कळ मजकूर वाचून असे बरेच नियम स्वतःच शोधतात. पण मजकूरच नसेल तर? जामनेर परिसरातील तावडी बोली पुस्तकांत फार थोडी सापडते. संगणक शिकणारा विद्यार्थी व्याकरण विसरलेला असतो आणि भाषा शिकणारा संगणकाला बिचकतो. माझ्या मते दोघांना एकाच बाकावर बसवावे. एकाने बोलणे ध्वनिमुद्रित करावे, दुसऱ्याने ते लिहून काढावे आणि मग दोघांनी मिळून प्रत्येक शब्दाखाली नाम, सर्वनाम, क्रियापद अशी नोंद करावी.