आईच्या लाल गोळ्या

आठवड्यातून एकदा खिचडी खाल्ल्यावर बाई आपल्याला गुलाबी गोळी देतात. ती लोहाची गोळी. तिने रक्त वाढते. तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह असते. बाळंतिणीची गोळी लाल असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ती रोज एक, अशी सहा महिने घ्यायची. मला छोटी बहीण झाली तेव्हापासून आमची आई ती घेते.

मी घरी ऐटीत सांगायचो, "आम्हाला शाळेत गोड गोळी मिळते!" माझा भाऊ अडीच वर्षांचा. त्याने ते ध्यानात ठेवले.

एकदा आई धुणे धुवायला गेली आणि पाकीट देवळीत राहिले. मी ओसरीवर गणिते करत होतो. भाऊ आला तर त्याचे ओठ लालभडक! मी आधी हसलो. मग पाकीट पाहिले. सकाळी ९ गोळ्या होत्या, आता ४. एक जमिनीवर सापडली. म्हणजे ४ पोटात.

आजी मिठाचे पाणी पाजायला निघाली. शेजारच्या आशाताईंनी तिचा हात धरला. मुद्दाम ओकारी काढायची नाही, ती श्वासात जाते. मिठाचे पाणीही लहान पोराला घातक. त्यांनी १०८ ला फोन लावला आणि पाकीट बरोबर घ्यायला लावले, म्हणजे कोणती गोळी ते डॉक्टरांना कळते.

गाडीत त्याला दोन उलट्या झाल्या. दवाखान्यात मात्र तो खेळू लागला. आई म्हणाली, "बरा झाला की, घरी नेऊ का?" डॉक्टर नाही म्हणाले. लोह जास्त झाले की आधी पोट दुखते, उलट्या होतात. मग काही तास पोर बरे दिसते, पण आत यकृत बिघडत असू शकते. भाऊ १२ किलोचा. त्याला ४ गोळ्या म्हणजे त्रास होण्याइतक्या. १२ खाल्ल्या असत्या तर जिवावर बेतले असते. रात्रभर ठेवून घेतले, रक्त तपासले. मला झोप आली नाही. सकाळी त्याने भाकरी मागितली.

मी डॉक्टरांना विचारले, "मग मी शाळेतली गोळी खाऊ का नको?" ते म्हणाले, "खायचीच. पण एकच."

आजीलाही त्यांनी विचारले. ती तापाला दवाखान्यातली गोळी घेते आणि वर अंगदुखीला दुकानातली. नावे निराळी, पण दोन्हींत पॅरासिटामॉलच निघाले! तेही जास्त झाले तर यकृतच बिघडते, आणि एक-दोन दिवस कळतसुद्धा नाही. आजीने दुकानातली बंद केली.

आता गोळ्यांचा डबा माळ्यावर असतो. भाऊ खालून बोट दाखवून "खाऊ" म्हणतो. मी म्हणतो, "औषध."

— इयत्ता चौथी