ज्येष्ठांचे आरोग्य : शिबिराकडून सातत्याकडे

ट्रॉम्बे परिसरातील चीता कॅम्प ही वसाहत १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, जनता कॉलनीतून हलविलेल्या कुटुंबांनी दलदलीच्या जागेवर उभी केली. त्या वेळी विशीत असलेली माणसे आज सत्तरीच्या घरात आहेत. अशा वस्त्यांतील ज्येष्ठांचे आरोग्य कसे जपावे, हा आता आपल्या पिढीपुढील प्रश्न आहे.

आपल्याकडे आरोग्य शिबिरे उत्साहाने भरविली जातात. परंतु एका दिवसाच्या तपासणीने आजार कळतो, आटोक्यात येत नाही. उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही. त्यामुळे बरे वाटताच अनेक जण गोळी स्वतःहून बंद करतात. पुढे पक्षाघात झाला, तर रुग्णाबरोबर सारे घर जखडले जाते. म्हणूनच वृद्धांसाठीच्या आरोग्य कार्यक्रमाचा गाभा तपासणीइतकाच पाठपुराव्यात असतो.

पाठपुराव्याची साधने साधी आहेत. विहार, मशीद, बालवाडी वा समाजमंदिर, जिथे ज्येष्ठांचे जाणे-येणे आहे, तिथे ठरलेल्या वारी रक्तदाब मोजून नोंदवहीत लिहावा. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचविते. त्यामुळे पडण्याचा धोका घटतो. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे. लोणचे, पापड, खारवलेले मासे यांतील मीठही त्यात मोजावे.

शासकीय योजनांचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. रोजच्या गोळ्यांसाठी महापालिकेचा दवाखानाच गाठावा लागतो. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या, दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या व्यक्तींना चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसारख्या साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये बँक खात्यात मिळतात. अडचणीच्या वेळी १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

तथापि अर्ज, आधार कार्ड, बँक खाते आणि दवाखान्यातील रांग यांपाशीच अनेक वृद्ध थबकतात. त्यांना माहितीपेक्षा सोबतीची उणीव अधिक भासते. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गल्लीतील दोन ज्येष्ठांची जबाबदारी घ्यावी: महिन्यातून एकदा दवाखान्यात सोबत जावे, गोळ्या संपण्यापूर्वी चौकशी करावी, कार्ड काढून द्यावे. ज्यांनी अर्धपोटी राहून आपल्याला वसतिगृहात शिकविले, त्यांच्या उतारवयात एवढे करणे हे उपकार नव्हेत. ते आपले कर्तव्यच आहे.